पामुक्कलेची वन डे टूर: जागा पैसा वसूल, टूर मात्र जेमतेम

आधीच सांगून टाकते, पामुक्कले, म्हणजे गरम झऱ्यांच्या चुन्याने बनलेली पांढरी कुंडं, बघायलाच हवं, त्यात वाद नाही. हा रिव्ह्यू आहे तो तिथे नेणाऱ्या वन डे टूरचा. तुर्कस्तानात अंताल्याला उतरलेल्या माणसाला हॉटेलच्या लॉबीत, बंदरावर, टॅक्सीत, कुठे ना कुठे कोणीतरी गाठतोच आणि हातात पांढऱ्या पायऱ्यांचा आणि निळ्या पाण्याचा फोटो असलेलं पत्रक ठेवतो. आम्हीही तसंच बुकिंग केलं, मी, नवरा, सासूबाई आणि कॉलेजातला भाचा. मग त्याच ट्रिपमध्ये पुढे पामुक्कलेजवळच्या देनिझली शहरात मुक्काम होता तेव्हा तीच जागा परत एकदा आपली आपण बघितली, त्यामुळे दोन्ही प्रकार डोक्यात ताजे आहेत. टूरवाल्यांचं नाव मुद्दाम देत नाही, कारण लोकांशी बोलल्यावर कळलं की पत्रकं वेगवेगळी असली तरी सगळ्यांचा दिवस साधारण एकाच छापाचा असतो.

तर तो छाप असा. अंताल्या ते पामुक्कले अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका बाजूने साडेतीन-चार तास, आणि त्यात बस आधी चार हॉटेलं फिरून माणसं गोळा करते त्यामुळे पिकअप पहाटेच्या अंधारात. इथपर्यंत ठीक, अंतरच तेवढं आहे, त्याला कोण काय करणार. पण मग वाटेत नाश्त्याचा थांबा, तो नाश्ता तिकिटात धरलेला नाही, मग ऑनिक्स नावाच्या शोभेच्या दगडाचं वर्कशॉप, तिथे एक माणूस पाच मिनिटं दगड घासून दाखवतो आणि उरलेला पाऊण तास तुम्ही कानातले डूल आणि अंड्याच्या आकाराचे पेपरवेट बघत फिरायचं, बाहेर पडायचं दार दुकानाच्या पार त्या टोकाला. मग जेवण. मग एकदाचं पामुक्कले, तेही भर दुपारी, आणि हातात वेळ किती तर अडीच तास. त्या अडीच तासातले पहिले वीस-पंचवीस मिनिटं गाइड सावलीत उभं करून माहिती सांगतो, आणि शेवटची पंधरा मिनिटं सगळे एकमेकांना शोधत असतात. परतताना पुन्हा टॉवेल आणि चादरींच्या आउटलेटला थांबा. देनिझली कापडाचं गाव आहे, टॉवेल खरंच चांगले असतात, मी घेतलेही, पण कोणी मला विचारलं असतं की बाई टॉवेल बघायला चाळीस मिनिटं हवीत की तिथलं रोमन थिएटर बघायला, तर मी काय म्हणाले असते हे सांगायला नको.

गाइड स्वतः वाईट नव्हता हां. तरुण पोरगा, माहिती पक्की, तीन भाषांत तेच तेच सांगून घसा बसलेला. त्याला विचारलं की उत्तरेच्या दारातून का नाही नेत, तर तो हसला आणि म्हणाला की तिकडून नेलं तर तुम्ही थडग्यांपाशीच अडकता आणि बस चुकते. गंमत म्हणजे तो अगदी बरोबर बोलला होता, फक्त मला ते ऐकून तिकडूनच जावंसं वाटलं.

हे दारांचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण दिवस कसा जाणार ते त्यावरच ठरतं. आत जायला तीन दारं आहेत. एक खाली पामुक्कले गावातून, तिथून पांढऱ्या खडकावरून अनवाणी चढत वर यायचं. दुसरं दक्षिणेचं, बसेस बहुतेक तिथेच सोडतात, कारण तिथून वरची कुंडं आणि तो प्रसिद्ध प्राचीन तलाव जवळ पडतो. तिसरं उत्तरेचं, जिथून आधी लांबच लांब स्मशानभूमी, मग शहराची वेस, मग शहर आणि सगळ्यात शेवटी पाणी. टूरवाले पाणी आधी दाखवतात, आणि पाणी एकदा दिसलं की माणूस पुढे हलत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. आमच्या बसमधल्या निम्म्या लोकांना वर हिएरापोलिस नावाचं एक अख्खं रोमन शहर आहे याचा पत्ताच लागला नाही, त्यांनी पाय भिजवले, फोटो काढले, आइस्क्रीम खाल्लं आणि बसमध्ये येऊन बसले. म्हणजे युनेस्कोने १९८८ मध्ये जी जागा यादीत घातली ती 'हिएरापोलिस-पामुक्कले' अशा जोडनावाने, निसर्ग आणि इतिहास दोन्हीसाठी, आणि टूर त्यातलं अर्धंच नाव दाखवून आणते.

आता पाण्याबद्दल, कारण ते कळल्याशिवाय शहर कळत नाही. इथे जमिनीतून बरेच गरम झरे वर येतात, त्यातल्या ज्या पाण्याने ही पांढरी कुंडं झालीत ते साधारण ३५ अंशांचं, म्हणजे अंगाला कोमट. खालून येताना ते चुनखडी विरघळवून घेऊन येतं, सोबत कार्बन डायऑक्साइड भरपूर. उघड्यावर आलं की वायू उडून जातो, आणि मग चुना पाण्यात राहू शकत नाही, तो खाली बसतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो ना, तेच रसायन, फक्त इथे ते हजारो वर्षं चाललंय आणि मैदानापासून जवळजवळ २०० मीटर उंचीच्या कड्यावरून ओघळतंय. थर सुरुवातीला मऊ असतो, जेलीसारखा, नंतर घट्ट होतो, म्हणून तिथे चपला-बुटांना सक्त बंदी. पहारेकरी शिट्टी घेऊन बसलेले असतात आणि कोणी सँडल घालून पांढऱ्यावर पाऊल टाकलं की अशी शिट्टी मारतात की सगळे जण आपापल्या पायांकडे बघतात.

फोटोंमध्ये दिसतात ती सगळी कुंडं भरलेली मिळतील ही अपेक्षा मात्र सोडा. पाणी पाळीपाळीने सोडतात, आज या बाजूला, उद्या त्या बाजूला, कारण एकाच जागी सतत वाहिलं तर शेवाळ धरतं आणि रंग जातो, आणि सगळीकडे एकदम पुरेल इतकं पाणी नाहीच. त्यामुळे बरीच कुंडं कोरडी दिसतात. नेटवर यावरून लोक चिडून एक स्टार देतात, "फसवणूक, पाणीच नाही" वगैरे. मला ते पटत नाही. या जागेचे हाल आधी काय होते ते वाचलं की राग जातो. एके काळी वर, थेट अवशेषांच्या डोक्यावर, हॉटेलं बांधली होती, झऱ्याचं पाणी ती आपल्या स्विमिंग पूलमध्ये वळवायची, कुंडं काळपट पडली, आणि वर चढायला गाड्यांचा रस्ता चक्क पांढऱ्या उतारावरून काढला होता. युनेस्कोच्या यादीत आल्यावर नव्वदच्या दशकात ती हॉटेलं पाडायला घेतली, आणि त्या जुन्या रस्त्यावर कृत्रिम कुंडं बांधून पाणी सोडलं. आज आपण गावाच्या दारातून अनवाणी चढतो तो हाच रस्ता. म्हणजे जिथे पाय भिजवायला परवानगी आहे ती बहुतेक कुंडं माणसाने बांधलेली, आणि खरी नैसर्गिक ती बाजूला, फक्त बघायची. हे गाइडने सांगितलं तेव्हा बसमधल्या एका काकूंचा चेहरा पडला, पण मला उलट बरं वाटलं, एखादी जागा बिघडवून परत सुधारता येते हे रोज कुठे बघायला मिळतं.

अनवाणी चालणं ऐकायला छान वाटतं, प्रत्यक्षात खडक काही ठिकाणी बारीक लाटांसारखा खरबरीत असतो आणि तळवे चांगलेच बोलतात. जिथे पाणी वाहतं तिथे ऊबदार, कोरड्या भागात उन्हाळ्यात डोळ्यांवर प्रचंड चकाकी आणि थंडीत खडक बर्फगार. गॉगल हवाच. चपला ठेवायला पाठीवरची पिशवी हवी, हातात धरून चढलात तर मोबाइल कुठे धरणार. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही दुसऱ्या वेळी चढण घेतलीच नाही, वरून खाली उतरलो, तेही निम्म्यापर्यंत, आणि मग त्या म्हणाल्या, "तुम्ही जा रे पुढे, मी इथे पाय सोडून बसते," आणि तासभर कोमट पाण्यात पाय सोडून बसल्या, त्यांच्या मते अख्ख्या तुर्कस्तानात हाच एक तास कामाचा होता.

आता आपल्या आपण गेलो त्याबद्दल. देनिझली ते पामुक्कले फक्त वीसेक किलोमीटर. देनिझलीच्या ओतोगारवरून, म्हणजे बस स्टँडवरून, डोलमुश सुटतात, छोट्या मिनीबस, भरत भरत जातात, अर्ध्या-पाऊण तासात पोचवतात. गावाच्या दारापाशी उतरायचं असेल तर पामुक्कले म्हणायचं. उत्तरेच्या दाराला जायचं असेल तर काराहायित या शेजारच्या गावाला जाणारी गाडी बघायची आणि ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवायचं, तो त्या दारापाशी सोडतो. इंग्रजी येत नसलं तरी "नेक्रोपोलिस", म्हणजे स्मशानभूमी, म्हटलं की मान डोलावतात. उन्हाळ्यात गेट सकाळी लवकर उघडतं, तेव्हाच पोचलात तर टूरच्या बसेस यायच्या आत चार-पाच तास तुमचे.

आणि मग ती स्मशानभूमी. मला खरंच अपेक्षा नव्हती. हजाराहून जास्त थडगी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, काही गोल मातीच्या टेकाडासारखी, काही दगडी पेट्या, काही चक्क छोटी दुमजली घरं. शहराबाहेर मुख्य रस्त्याला लागूनच मेलेल्यांना पुरायचं ही तेव्हाची पद्धत, म्हणजे गावात येणाऱ्या प्रत्येकाने आधी गावातल्या मोठ्या लोकांची नावं वाचायची. इथे इतकी थडगी असण्याचं एक कारण गरम पाणीच मानतात, लोक आजार घेऊन उपचाराला यायचे आणि सगळेच काही बरे होऊन परत जायचे नाहीत. भाचा म्हणाला, "मामी, म्हणजे हे हॉस्पिटलचं बॅकयार्ड आहे." त्याला गप्प बसवलं, पण मुद्दा बरोबर होता.

यात दोन थडगी आवर्जून शोधा. एक शहराच्या वेशीजवळचं, फ्लावियस झ्यूक्सिस नावाच्या व्यापाऱ्याचं. दारावर कोरलंय की हा माणूस मालेआ भूशिराला वळसा घालून ७२ वेळा इटलीला जाऊन आला. बस, बढाई संपली. ग्रीसच्या दक्षिणेकडचं ते भूशिर वादळांसाठी बदनाम होतं, आणि हे गाव समुद्रापासून किती आत, तरी तिथला माणूस आयुष्यभर बोटीने माल नेत राहिला आणि मेल्यावर त्याला एवढंच सांगावंसं वाटलं. दुसरं, मार्कस ऑरेलियस अम्मियानोस याच्या दगडी पेटीचं झाकण. नाव सम्राटासारखं आहे पण सम्राट नव्हे, हा पाणचक्कीवाला. तिसऱ्या शतकातल्या या झाकणावर दगड कापायची पाण्यावर चालणारी करवत कोरली आहे, आणि त्यात चाकाचं गोल फिरणं करवतीच्या मागेपुढे सरकण्यात बदलणारी क्रँक आणि दांड्याची जोडणी दिसते, अशा यंत्रणेचा हा माहीत असलेला सगळ्यात जुना पुरावा. नवरा मेकॅनिकल इंजिनियर, तो या विषयावर इतका वेळ बोलत राहिला की सासूबाई पुढे निघून गेल्या. टूरमध्ये या दोन्हींचा उल्लेखसुद्धा झाला नव्हता.

पुढे तीन कमानींची वेस येते, दोन बाजूंना गोल बुरूज, ती फ्रोंतिनसने बांधलेली, पहिल्या शतकाच्या शेवटाकडे. हा तोच फ्रोंतिनस जो नंतर रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. वेशीला लागूनच सार्वजनिक शौचालय आहे, दगडी, खांबांचं, प्रवाशांसाठी. भाच्याचा सगळ्यात आवडता पॉइंट, अर्थातच.

शहर वसवलं पश्चिम तुर्कस्तानातल्या पेर्गामोन राज्याच्या राजांनी, इ.स.पू. दुसऱ्या शतकात, मग ते रोमनांकडे गेलं. भूकंप याच्या पाचवीला पुजलेला, इ.स. ६० मध्ये तर पार झोपलं, आज जे दिसतं ते बरंचसं त्यानंतर उभं राहिलेलं. कारण साधं आहे, ज्या भेगेतून गरम पाणी वर येतं ती भेग म्हणजेच भूकंपाचा फॉल्ट. पाणी हवं तर भूकंपही घ्या.

हे सगळ्यात नीट कळतं ते प्लुटोनियम नावाच्या गुहेपाशी, आणि माझ्या मते अख्ख्या पामुक्कलेत बघण्यासारखी एक नंबरची गोष्ट तीच आहे, पाणी दुसऱ्या नंबरवर. पाताळाचं दार म्हणून जुने लोक मानायचे ती ही गुहा. स्त्राबो नावाच्या भूगोलकाराने लिहून ठेवलंय की आत बैल नेले की कोसळून मरतात, त्याने स्वतः चिमण्या आत टाकल्या तर त्या लगेच गतप्राण झाल्या, पण देवीचे पुजारी मात्र आत जाऊन जिवंत बाहेर येतात. लोकांना वाटायचं दैवी शक्ती. इटालियन लोक इथे १९५७ पासून खोदताहेत, २०१३ मध्ये त्यांच्या टीमने ही गुहा नेमकी कुठली ते जाहीर केलं, आणि खोदताना त्यांना तिथे मेलेले पक्षी सापडत होते, आजही. त्या भेगेतून कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचतो. २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात मोजमाप करून दाखवलं की रात्रभर तो तळ्यासारखा साठतो, पहाटे सगळ्यात घातक असतो, ऊन चढलं की पांगतो. बैलाचं नाक खाली, त्या थरात. पुजारी उभा, त्याचं डोकं थराच्या वर, आणि त्याला कुठल्या वेळेला जायचं ते ठाऊक. बस एवढीच दैवी शक्ती. आणि भाविकांना बघायला समोर दगडी पायऱ्या बांधल्या होत्या, म्हणजे रीतसर शो होता. आता तिथे अर्थातच जवळ जाता येत नाही, लांबून बघायचं. जो वायू पाण्यातून उडाला म्हणून कुंडं पांढरी झाली तोच वायू इथे बैल मारत होता, हे डोक्यात बसलं की बाकीचं शहर फिरायला वेगळीच मजा येते.

थिएटर चढावर आहे, चढ बऱ्यापैकी आहे, पण चढा. दुसऱ्या शतकातलं, दहा-पंधरा हजार माणसं बसतील एवढं, रंगमंचाची भिंत अलीकडे बरीच उभी केली आहे आणि त्यावरची कोरीवकामं, अपोलो, आर्टेमिस, वरच्या रांगेतून सुद्धा ओळखू येतात. त्याच्याही वर, अजून चढून, येशूचा शिष्य संत फिलिप याचं आठकोनी स्मारक आहे, पाचव्या शतकातलं, आणि २०११ मध्ये त्याच्याजवळच त्याचं थडगं सापडल्याचं जाहीर झालं. तिथपर्यंत टूरमधलं कोणी जात नाही, वेळच नसतो. आम्ही गेलो तेव्हा दोन कुत्री आणि एक जपानी जोडपं, बाकी कोणी नाही. ज्यांना चढणं जमत नाही त्यांच्यासाठी खाली गोल्फ कार्टसारख्या गाड्या फिरतात, वेगळे पैसे, सासूबाईंना आम्ही त्यातूनच दारापासून मधल्या भागापर्यंत आणलं, घेण्यासारखी सोय आहे.

म्युझियम जुन्या रोमन हमामखान्याच्या इमारतीत आहे, छोटं, गार, दुपारच्या उन्हात अर्धा तास घालवायला उत्तम. जास्त लिहीत नाही.

प्राचीन तलावाबद्दल मात्र लिहायला हवं, कारण टूरवाले याचं एक्स्ट्रा तिकीट बसमध्येच गळ्यात मारतात. क्लिओपात्रा पूल म्हणतात, पण क्लिओपात्रा इथे पोहली याचा पुरावा विचारलात तर कोणी देत नाही. पाणी मात्र खरंच भारी, ३६ अंशांच्या आसपास, बारीक बुडबुडे अंगाला चिकटतात, आणि तळाशी भूकंपात कोसळलेले संगमरवरी खांब तसेच आडवे पडलेत, त्यांच्यावर बसून लोक सेल्फी काढतात. दुपारी गेलात तर पाणी कमी आणि माणसं जास्त. लॉकर, शॉवर सगळं आहे पण गर्दीत रांग लागते. आम्ही टूरच्या दिवशी उतरलोच नाही, नुसतं बघितलं, आणि नंतर सकाळी लवकर गेलो तेव्हा नवरा आणि भाचा निवांत पोहून आले. खांब शेवाळाने निसरडे आहेत, काही ठिकाणी एकदम खोल होतं, पोहता येत नसेल तर कडेलाच राहा. अडीच तासांच्या टूरमध्ये हे तिकीट घेणं म्हणजे अवशेषांवर पाणी सोडणं, इतकं सरळ गणित आहे.

जेवणाचं सांगायचं तर टूरचा बुफे शाकाहारी माणसाला चालतो, मसूरचं सूप, बुलगुर, वांगं, सॅलड, ब्रेड, कोणी उपाशी राहत नाही, चव मात्र हजार लोकांसाठी बनवल्यासारखी. पामुक्कले गावात आपण उतरलो तर छोट्या घरगुती ठिकाणी तव्यावर भाजलेली गोझ्लेमे मिळते, पालक-चीज किंवा बटाटा भरलेली, आणि सोबत आयरान. सासूबाईंनी आयरानला "मीठ घातलेलं ताक" म्हणून लगेच पास केलं. ऑर्डर द्यायच्या आधी "एत्सिझ" म्हणजे मांस नको एवढं सांगा, पण सूपचा रस्सा कशाचा आहे तेही विचारा, बरेचदा हाडांचा असतो.

ज्यांच्याकडे दुसरा दिवस आहे त्यांनी लाओडिकिया हे दुसरं प्राचीन शहर सोडू नका. देनिझली-पामुक्कले रस्त्यावरच आहे, डोलमुशवाल्याला सांगितलं की फाट्यावर उतरवतो, तिथून थोडं चालायचं. गर्दी जवळजवळ शून्य. इथे गंमत उलटी, या शहराला स्वतःचे चांगले झरे नव्हते, पाणी लांबून दगडी नळांमधून आणलेलं, आणि त्या नळांमध्ये चुना बसून बसून भोक लहान झालेलं आजही दिसतं. आणि पाण्याची इतकी किंमत की इ.स. ११४ चा एक संगमरवरी शिलालेख सापडलाय, त्यात पाणी घाण केलं, नळ फोडला, चोरून पाणी वळवलं तर ५००० ते १२५०० दिनारी दंड असा रीतसर कायदा कोरलेला आहे. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये लावायला हवा असं नवरा म्हणाला. काचेच्या जमिनीखालून दिसणारी घरं, भलं मोठं स्टेडियम, लांबलचक फरसबंद रस्ता, चौथ्या शतकातलं चर्च, आणि मागे पामुक्कलेचा पांढरा कडा सतत नजरेत. सावली मात्र औषधाला नाही, सकाळीच उरका.

काराहायित पाच किलोमीटरवर, तिथे पाणी जास्त गरम आणि लोखंडामुळे खडक लालसर. बघायला दहा मिनिटं पुरतात, पण तिथली हॉटेलं थर्मल कुंडांची आहेत, घरच्या मोठ्यांना घेऊन राहायचं असेल तर पामुक्कले गावापेक्षा तिथे सोयीचं. काकलिकची गुहा, जमिनीखालची छोटी पामुक्कले म्हणतात ती, देनिझलीच्या पूर्वेला तीसेक किलोमीटर, तिला गाडी करावी लागते आणि आत गंधकाचा वास चांगलाच आहे, लहान मुलं नाक दाबून पळतात.

मग टूर घ्यायची की नाही? तुमच्याकडे अंताल्यात मोजके दिवस असतील, गाडी चालवायची नसेल, भाषेची भीती वाटत असेल आणि फक्त पांढरे फोटो हवे असतील तर घ्या, बस एसीची असते, वेळेवर परत आणतात, आमची टूर तशी सुरळीत झाली. घेताना तीन गोष्टी आधी विचारा आणि लिहून घ्या: पामुक्कलेत प्रत्यक्ष किती तास, दुकानांचे थांबे किती, आणि प्रवेशाचं तिकीट धरलंय की वेगळं. शेवटच्या प्रश्नावर स्वस्त टूरवाले बरोबर गडबडतात, कारण परदेशी पाहुण्यांचं तिकीट चांगलं महाग आहे आणि ते बाजूला काढलं की पत्रकावरचा आकडा छान दिसतो. जमत असेल तर मात्र एक रात्र देनिझली किंवा काराहायितला काढा. अंताल्याहून साध्या बसेस दिवसभर सुटतात, आरामदायक असतात, मध्ये चहा देतात. इझमिरकडून येणार असाल तर थेट रेल्वेही आहे, वेळ जास्त लागतो पण खिडकीतून अंजिराच्या बागा दिसतात. फक्त बायरामच्या, म्हणजे ईदच्या, सुट्ट्यांत अजिबात ऐनवेळी जाऊ नका, अख्खा देश गावी निघालेला असतो, तेव्हा परतीची सीट आधीच काढून ठेवा.